न पडलेली भिंत : ‘हॅरी पॉटर’ मालेतील अखेरच्या ग्रंथाचा विचार

दीर्घ कथेचा शेवट करणे हे तिचा आरंभ करण्याहून अधिक कठीण असते, ही गोष्ट महाभारतकारांइतकी दुसऱ्या कोणाला उमगली असेल असे वाटत नाही. कुरुक्षेत्रावरील संहार आटोपतो तेव्हा अठरा पर्वांपैकी दहाच पर्वे झालेली असतात. पुढे स्त्रीपर्वातील आक्रोश येतो, शरपंजरी पडलेल्या भीष्माचा उपदेश येतो, वनात वणव्यात सापडलेले धृतराष्ट्र, गांधारी आणि कुंती येतात, यादवांचा आपसांतील नाश येतो आणि अखेर हिमालयाच्या वाटेवर एकेक करून कोसळणारी भावंडे येतात. कोण जिंकले एवढे सांगून कथा थांबत नाही. त्या जिंकण्याचे मोल कोणी दिले, आणि जिंकल्यानंतर जग खरोखर बदलले काय, ह्या दोन प्रश्नांची उत्तरे दिल्यावाचून महाकवीला आपली लेखणी खाली ठेवता येत नाही.

अनेक खंडांतून वर्षानुवर्षे चालत आलेल्या कोणत्याही कथामालेचा अखेरचा ग्रंथ तपासताना हीच कसोटी लावणे न्याय्य ठरते. पहिल्या ग्रंथाने वाचकाला आपल्या जगात ओढून घेतले म्हणजे त्याचे काम झाले. मधल्या ग्रंथांनी ते जग विस्तारले तरी पुरे. अखेरच्या ग्रंथाला मात्र साऱ्या मालेचे देणे फेडावे लागते. जे. के. रोलिंग ह्या इंग्रज लेखिकेच्या ‘हॅरी पॉटर’ मालेतील सातवा व शेवटचा ग्रंथ, ‘हॅरी पॉटर अँड द डेथली हॅलोज’, २१ जुलै २००७ रोजी प्रसिद्ध झाला. मालेचा पहिला ग्रंथ २६ जून १९९७ चा. दहा वर्षांच्या ह्या कालावधीत मालेबरोबर वाढलेली मुले आज प्रौढ झाली आहेत. त्यांतील काही आज आपल्याच शाळांतून शिकवीत असतील. ह्या मालेचे मराठी अनुवादही निघाले आहेत. तरीसुद्धा आपल्याकडील गंभीर टीकेने, बालवाङ्मय म्हणून आणि बाजारात गाजलेली वस्तू म्हणून, तिच्याकडे पाठच फिरवली. ह्या उपेक्षेत थोडा अन्याय आहे आणि आपले थोडे नुकसानही आहे. ते नुकसान कोणते, हे अखेरच्या ग्रंथाच्या आधारे दाखवावे असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम ह्या वाङ्मयप्रकाराविषयी थोडेसे. अद्भुतकथा आपल्याला नवी नाही. एकोणिसाव्या शतकातील ‘मुक्तामाला’ आणि ‘मंजुघोषा’ ह्या कादंबऱ्यांपासून नाथमाधवांच्या ‘वीरधवल’पर्यंत मराठी वाचक अद्भुतरम्य कथेत रमला. परंतु त्या अद्भुताचा देश दूरचा होता आणि काळ गतकाळ होता. आपल्याच नगरात, आपल्याच काळात, रोजच्या रहदारीच्या पलीकडे एक दुसरे गुप्त नगर नांदते आहे अशी कल्पना करणारी कथा निराळी. तिला ‘नागरी अद्भुतकथा’ म्हणता येईल. मराठीत तिच्या सर्वांत जवळ गेले ते नारायण धारप (१९२५–२००८). त्यांच्या ‘समर्थ’ ह्या व्यक्तिरेखेभोवतीच्या कथांतून जुने वाडे आणि शहरी बिऱ्हाडे ह्यांच्या आडून अमानुष शक्ती डोकावतात. पण तेथे प्रत्येक कथा आपापल्या परीने पुरी होते. संकट येते, समर्थ त्याचे निवारण करतात आणि घरात पुन्हा दिवा लागतो. दोन नगरे एकमेकांत गुंतून राहिली तर त्यांच्यामधील सीमेचे काय करावयाचे, हा प्रश्न त्या कथा विचारीत नाहीत.

रोलिंगबाईंच्या मालेत तो प्रश्न पहिल्या पानापासून उभा आहे. लंडनमध्ये एका कळकट खानावळीच्या मागल्या अंगणातील विटा विशिष्ट क्रमाने ठोकल्या की जादूगारांची बाजारपेठ उघडते. अकरा आणि तेरा क्रमांकांच्या घरांमधून बाराव्या क्रमांकाचे घर बाहेर येते. किंग्ज क्रॉस स्थानकावर नऊ आणि दहा क्रमांकांच्या फलाटांमधल्या भिंतीत बेधडक शिरावे, की पलीकडे पावणेदहा क्रमांकाच्या फलाटावर लाल आगगाडी उभी असते. ज्यांना जादू येत नाही अशा सामान्य माणसांना ‘मगल’ असे नाव आहे. ते ह्याच रस्त्यांवरून रोज चालतात. त्यांना ह्यातले काहीच दिसत नाही. एक शहर, दोन वस्त्या आणि मधे एक भिंत, हे मालेचे मूळ रूप आहे.

बेळगाव-निपाणी भागातील वाचकाला ह्या रूपाचे नवल इतरांपेक्षा कमी वाटावे असे मला वाटते. आपल्या गावांनी सीमा अनेक वेळा पाहिल्या. संस्थानी काळात बेळगाव ब्रिटिश अंमलात होते, तर त्याला लागून असलेले शहापूर सांगली संस्थानात. एका पेठेतून दुसऱ्या पेठेत जाणारा माणूस नकळत एक राज्य सोडून दुसऱ्या राज्यात शिरत असे. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. एकाच रस्त्यावर एक शहर पाटीवर लिहिलेले असते आणि दुसरे लोकांच्या तोंडी वावरत असते. दोन्ही खरी असतात, आणि दोहोंत राहणारी माणसे पुष्कळदा एकाच घरात जेवतात. अशा भागातील वाचकाने ह्या मालेच्या शेवटाकडे पाहताना, राक्षस मेला काय, एवढेच विचारू नये. भिंतीचे काय झाले, हेही विचारावे. तो अधिकार त्याला अनुभवाने मिळालेला आहे.

ग्रंथाचे गुण आधी सांगितले पाहिजेत. पहिल्या सहा ग्रंथांचा साचा ठरून गेलेला होता. उन्हाळ्याची सुट्टी, आगगाडी, शाळेचे वर्ष, वार्षिक परीक्षेच्या सुमारास उलगडणारे रहस्य, अशी ती रचना वाचकाच्या अंगवळणी पडली होती. अखेरच्या ग्रंथात लेखिकेने हा साचा मोडला. हॅरी, रॉन आणि हर्मायनी शाळेत परततच नाहीत. व्होल्डेमॉर्ट ह्या खलपुरुषाने आपल्या आत्म्याचे तुकडे करून निरनिराळ्या वस्तूंत दडवले आहेत, ते शोधून नष्ट करण्यासाठी तिघे वणवण हिंडतात. राक्षसाचा प्राण सात समुद्रांपलीकडील पोपटात, ही आजीच्या गोष्टीतील कल्पना येथे नव्या वेषात भेटते. मात्र येथे प्राण एका पोपटात नसून अनेक ठिकाणी विखुरलेला आहे, आणि त्यातला एक तुकडा नायकाच्याच अंगात आहे. शत्रू संपवायचा तर स्वतःवर मरण ओढवून घ्यावे लागेल, ह्या जाणिवेपर्यंत नायकाला आणून सोडणारी ही गुंफण कुशल आहे. रानातील तंबूचा भाग लांबला अशी तक्रार अनेकांनी केली. मला ती मान्य नाही. भूक, थंडी, परस्परांविषयीचा संशय आणि कशाचाच पत्ता न लागण्याची ती दीर्घ उदासी नसती, तर हे धाडस केवळ खेळ वाटले असते.

शत्रूच्या हाती गेलेल्या शहराचे चित्रण हे ह्या ग्रंथाचे खरे बलस्थान होय. लेखिकेने येथे जुलमाचे जे बारकावे टिपले आहेत, ते प्रौढ वाङ्मयातही सहसा आढळत नाहीत. जादूगारांच्या मंत्रालयात पूर्वी एक सोनेरी कारंजे होते. त्याच्या जागी आता काळ्या दगडाचा प्रचंड पुतळा उभा राहिला आहे. त्यात जादूगार आणि जादूगारीण सिंहासनांवर बसले आहेत, आणि ती सिंहासने नीट पाहिली तर शेकडो उघड्या माणसांच्या दाटीतून घडवलेली आहेत. मगल आईबापांच्या पोटी जन्मलेल्या जादूगारांची नोंदणी करणारी एक समिती स्थापन होते. त्यांनी आपली जादू दुसऱ्या कोणाकडून चोरली असली पाहिजे, असा तिचा आरोप असतो. अंब्रिज नावाची अधिकारी बाई एका भेदरलेल्या स्त्रीची चौकशी करते, तेव्हा त्या स्त्रीचे आईबाप भाजीपाला विकणारे होते, ही कागदावरील नोंद ती तुच्छतेने वाचून दाखवते. ह्याच बाईच्या गळ्यात लाचेत मिळालेले एक लॉकेट आहे, आणि आपले कूळ किती उच्च, ह्याचा पुरावा म्हणून ती तेच मिरवते. खोट्या वंशावळीने दुसऱ्याच्या खऱ्या जन्माचा न्याय करावा, ह्याहून बोचरा उपहास शोधून सापडणार नाही.

दुसरी गोष्ट नावाची. आधीच्या सहा ग्रंथांत व्होल्डेमॉर्टचे नाव घेणे हे धैर्याचे लक्षण मानले गेले. भित्री माणसे त्याचा उल्लेख आडवळणाने करीत. अखेरच्या ग्रंथात शत्रूने त्या नावावरच पहारा बसवला आहे. ते कोणी उच्चारले की बोलणाऱ्याचे ठिकाण तत्काळ उघड होते आणि पकडणारे येऊन दाखल होतात. लंडनमधील टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या एका साध्या उपाहारगृहात तिघांवर हल्ला होतो तो ह्याच कारणाने. आणि आपण सापडलो कसे, हे त्यांना कितीतरी दिवस उमगत नाही. एका शब्दावरून बोलणारा कोणत्या बाजूचा हे ओळखले जाणे म्हणजे काय, हे सीमाभागातील माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडे शहराचे नाव कोणी कसे उच्चारले ह्यावरून ऐकणारा मनातल्या मनात एक खूणगाठ बांधून टाकतो. लेखिकेला आपला प्रदेश ठाऊक असण्याचे कारण नाही, परंतु सत्ता भाषेत शिरते ती नावाच्या वाटेने, हे तिने अचूक हेरले आहे.

तिसरा गुण हा की, शिक्षणाचे काय होते इकडे लेखिकेचे लक्ष आहे. आपण शिक्षकमंडळींनी येथे विशेष थांबावे. ह्या ग्रंथातील पहिला बळी एका शिक्षिकेचा आहे. शाळेत ‘मगल-परिचय’ हा विषय शिकवणाऱ्या चॅरिटी बर्बेज ह्या बाई पहिल्याच प्रकरणात मारल्या जातात. भिंतीपलीकडील माणसे आपल्याहून फारशी निराळी नाहीत असे त्या मुलांना शिकवीत, आणि मगल आईबापांच्या मुलांच्या बाजूने त्यांनी वृत्तपत्रात लेख लिहिला, एवढाच त्यांचा अपराध. त्यांच्यामागे हाच विषय शाळेत सक्तीचा होतो. मात्र आता मगल हे पशूंसारखे असतात असा पाठ सर्वांना द्यावयाचा असतो. नेव्हिल हा एके काळचा बुजरा विद्यार्थी वर्गात उभा राहून नव्या शिक्षिकेला विचारतो की, तुमच्या स्वतःच्या अंगात मगल रक्त किती आहे? त्याचा व्रण त्याच्या चेहऱ्यावर राहतो. शेजाऱ्याची ओळख करून देणारा विषय रद्द न करता तोच विषय शेजाऱ्याच्या द्वेषासाठी वापरावा, ही युक्ती ज्या लेखिकेला सुचली तिला शाळा म्हणजे काय हे चांगले ठाऊक आहे.

आणि चौथा गुण डॉबीच्या मृत्यूचा. डॉबी हा घरगडी-जातीचा क्षुद्र जीव. जादूगारांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या राबणे एवढेच त्या जातीच्या नशिबी. हॅरीला वाचवताना तो मरतो. हॅरी त्याची कबर जादूने न खणता फावड्याने, घाम गाळीत खणतो. साऱ्या मालेत नायकाने केलेले सर्वांत उदात्त कृत्य कोणते, असे मला कोणी विचारले तर मी अखेरच्या युद्धाकडे बोट न दाखवता ह्या खणण्याकडे दाखवीन. ज्या सामर्थ्यामुळे तो इतरांहून वरचढ ठरतो, ते सामर्थ्य त्याने येथे आपण होऊन बाजूला ठेवले आहे. भिंत ओलांडण्याचा ह्याहून खरा मार्ग नाही.

येथपर्यंत ग्रंथाने आपल्याला एका मोठ्या अपेक्षेच्या काठावर आणून उभे केले आहे. ती अपेक्षा लेखिकेनेच निर्माण केली आहे, वाचकाने ती ग्रंथावर लादलेली नाही. ही भिंत मुळात आली कोठून, ह्याचा इतिहास प्रथमच ह्या ग्रंथात नीट सांगितला जातो. १६८९ मध्ये गुप्ततेचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि जादूगार कायमचे लपले. तरी काही खेड्यांत ते मगल शेजाऱ्यांच्या सोबतीने, त्यांच्यात मिसळून राहिले. हॅरीचे जन्मगाव असेच एक. म्हणजे भिंत अनादि नाही. ती मनुष्यांनी एका विशिष्ट वर्षी बांधलेली आहे.

त्या भिंतीने केलेल्या जखमाही ह्याच ग्रंथात एकामागून एक उघड्या होतात. थोर गुरू डम्बलडोर ह्यांची धाकटी बहीण सहा वर्षांची असताना तीन मगल मुलांनी तिला जादू करताना पाहिले आणि भयाने व रागाने तिला असे छळले की ती पुन्हा कधी सावरली नाही. बापाने सूड घेतला आणि तो तुरुंगात मेला. तरुण डम्बलडोर ग्रिंडेलवाल्ड ह्या मित्राच्या नादाने, मगलांवर त्यांच्याच हितासाठी राज्य करावे, अशी स्वप्ने पाहू लागले, आणि त्या स्वप्नांच्या भांडणात ती बहीण प्राणास मुकली. दुसरी जखम पेट्युनियाची. हॅरीची ही कर्कश, कोत्या मनाची मावशी सहा ग्रंथभर केवळ हास्यास्पद होती. स्नेपच्या आठवणींतून कळते की लहानपणी आपल्या जादूगार बहिणीबरोबर त्याच शाळेत जाता यावे म्हणून तिने डम्बलडोर ह्यांना पत्र लिहिले होते. ते नाकारले गेले. त्याच पावणेदहा क्रमांकाच्या फलाटावर दोघी बहिणींमध्ये जे भांडण जुंपते ते वाचताना पेट्युनियाच्या आयुष्यभराच्या आकसाचे मूळ एका क्षणात उघड होते. भिंतीच्या चुकीच्या बाजूला जन्मलेल्या मुलीचे ते दुःख आहे.

तिसरी जखम सर्वांत खोल आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेलेले. हर्मायनीचे आईवडील मगल आहेत. शत्रूने त्यांना छळून आपला ठावठिकाणा काढू नये म्हणून ती त्यांच्या स्मृतीत बदल करते. त्यांना दुसरी नावे देते, ऑस्ट्रेलियात जाऊन राहण्याची इच्छा त्यांच्या मनात पेरते, आणि आपल्याला एक मुलगी होती हे पुसून टाकते. आपण वाचलो तर त्यांना शोधून ही मोहिनी काढून घेऊ, असे ती म्हणते. हे सारे जेमतेम एका परिच्छेदात सांगून कथा पुढे सरकते.

आता शेवटाकडे पाहू. युद्ध होते. हॅरी निःशस्त्र होऊन मरणाला सामोरा जातो. किंग्ज क्रॉसच्या स्थानकासारख्या एका शुभ्र, निर्जन जागी तो आपल्या गुरूला भेटतो आणि पुन्हा जगात परततो. व्होल्डेमॉर्टचा अंत होतो. विजयानंतर शाळेच्या भोजनगृहात शिक्षक, विद्यार्थी, आईबाप, भुते, नराश्व, घरगडी-जातीचे जीव असे सगळे भेदाभेद विसरून एकत्र बसतात. दृश्य हृद्य आहे. पण ह्या पंगतीत एकाही मगलाचे पान नाही. ज्यांच्या देहांची सिंहासने दगडात कोरली गेली, ज्यांना ह्या युद्धाची वार्ताही न लागता मरावे लागले, आणि ज्यांच्या रक्षणासाठी हे युद्ध लढतो आहोत असे गुप्त नभोवाणीवरून आवर्जून सांगितले गेले, त्यांच्यापर्यंत ना विजयाची वार्ता पोहोचली ना शोकाची.

पुढे उपसंहार येतो : एकोणीस वर्षांनंतरचा किंग्ज क्रॉस. नायक-नायिका आता आईबाप झाले आहेत आणि आपल्या मुलांना त्याच भिंतीतून त्याच फलाटावर आणून सोडीत आहेत. हर्मायनीचे आईवडील परत आले काय, त्यांना आपली मुलगी आठवली काय, ह्याबद्दल ह्या पुस्तकात एक अक्षर नाही. मगल-परिचयाचा विषय पुढे कोण शिकवू लागले आणि त्यात काय शिकवू लागले, ह्याबद्दलही नाही. आहे ती एक विनोदी कबुली. रॉनने मगलांचा मोटार चालवण्याचा परवाना मिळवला आहे, आणि परीक्षा घेणाऱ्या मगल माणसाच्या बुद्धीवर आपण हळूच भुरळ घातली होती असे तो हॅरीच्या कानात सांगतो. वाचकाने येथे हसावे अशी लेखिकेची अपेक्षा आहे. मला येथे हसू आले नाही. साऱ्या ग्रंथाने ज्याविरुद्ध लढा दिला, त्या वृत्तीचे एक लहानसे बी ह्या विनोदात सुखरूप राहिले आहे. पलीकडच्या माणसाचे मन ही आपल्या सोयीची वस्तू आहे, हे ते बी.

ह्यावर आक्षेप घेतले जातील, आणि ते ऐकून घेतले पाहिजेत. पहिला असा की ही मुलांसाठी लिहिलेली कथा आहे; तिच्याकडून राज्यव्यवस्थेची पुनर्रचना मागणे अरसिकपणाचे होय. परंतु नोंदणीची समिती, काळा पुतळा, बदललेला पाठ्यविषय ही राज्यव्यवस्था लेखिकेनेच कथेत आणली. रोग इतक्या बारकाईने वर्णन करणाऱ्याला रोगी बरा झाला काय, असे विचारणे अरसिकपणाचे नव्हे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ह्या मालेचा खरा विषय मृत्यू आहे, भिंत नव्हे. तीन भावांच्या लोककथेतील अजिंक्य छडी, मृतांना बोलावणारा खडा आणि अदृश्य करणारा झगा ही तिन्ही मृत्यूला चुकवण्याची साधने आहेत. त्यांचा मोह सोडून मृत्यूला मित्रासारखे भेटणे हाच कथेचा बोध, आणि तो पूर्णत्वास गेला आहे. हे मी मान्य करतो. ह्या अंगाने ग्रंथ सफल आहे, आणि मृत आईबापांच्या सोबतीने हॅरी रानातून चालत जातो ते प्रकरण मालेतील सर्वांत सुंदर लेखन आहे. पण व्होल्डेमॉर्टचे मृत्यूभय आणि त्याचा वंशाहंकार ह्या दोन गोष्टी लेखिकेने एकत्र विणल्या होत्या. त्यांतील एकीचा निकाल लावून दुसरी तशीच सोडली, तर वीण अर्धवट राहते.

तिसरा आक्षेप असा, की भिंत पाडली तर हा वाङ्मयप्रकारच संपेल. गुप्त नगर गुप्त राहिले तरच त्यात मौज. हाही खरा. भिंत पाडावीच असा माझा आग्रह नाही. प्रत्यक्षात कोणतीही सीमा एका रात्रीत नाहीशी होत नाही, आणि नाहीशी झाली तरी माणसे सुखी होतातच असे नाही. माझे म्हणणे एवढेच, की ती उभी आहे ह्याचे दुःख शेवटच्या पानावर कोणाला तरी असायला हवे होते. मोठ्या मुलीला गाडीत बसवताना हर्मायनीच्या मनात तिच्या आजीआजोबांचा विचार एकदा येऊन गेला असता, एवढेही पुरले असते.

येथे पुन्हा महाभारताची आठवण होते. स्वर्गाच्या दाराशी पोहोचलेला युधिष्ठिर मागे लागलेल्या कुत्र्याला सोडून आत जाण्याचे नाकारतो. पुढे नरकात आपली माणसे आहेत असे कळताच तेथेच राहण्याचे ठरवतो. ह्या ग्रंथातील शुभ्र स्थानकावरही एक बाक आहे आणि त्याखाली सोलवटलेल्या बालकासारखे काहीतरी कण्हत पडले आहे; तो व्होल्डेमॉर्टच्या आत्म्याचा अवशेष. त्याला मदत करता येणार नाही, असे गुरू सांगतात, आणि हॅरी त्याच्याकडे वळून वळून पाहतो. परत आल्यावर तो शत्रूला पश्चात्तापाची एक शेवटची संधी देतो, ती त्या पाहण्यामुळेच. हा युधिष्ठिराचा वारसा आहे, आणि तो त्या कोवळ्या वीराला शोभतो. मात्र युधिष्ठिराला शेवटी जे जमले, म्हणजे दाराबाहेर राहिलेल्यांची आठवण ठेवून आतल्या सुखाला नकार देणे, ते उपसंहारातील हॅरीला जमलेले नाही. त्याचा जुना व्रण एकोणीस वर्षे दुखला नाही, असे आपल्याला समाधानाने सांगितले जाते. दुखायला हवे होते असे मी म्हणणार नाही. पण ज्याला काहीच दुखत नाही तो दाराबाहेरच्यांकडे वळून पाहत नाही, एवढे खरे.

म्हणून ह्या ग्रंथाविषयीचा माझा निर्णय दुहेरी आहे. युद्ध संपेपर्यंतचा भाग हा मालेतील सर्वांत परिपक्व भाग आहे, आणि मुलांच्या हाती निःशंकपणे द्यावा असा आहे. उपसंहार मात्र त्या परिपक्वतेला उणेपणा आणतो. वर्गात हा ग्रंथ चर्चेला घेणाऱ्या शिक्षकाने उपसंहार गाळू नये. उलट मुलांना तो वाचायला सांगून, येथे कोण कोण आलेले नाही, असा एकच प्रश्न विचारावा. आपल्या भागातील मुलांना उत्तर लवकर सापडेल. मराठी शाळेतले मूल असो की कन्नड शाळेतले, शेजारच्या दारातल्या मुलाची भाषा आपल्याला येते आणि आपली त्याला येत नाही, किंवा उलट, ही गोष्ट त्याने घरोघरी पाहिलेली असते. ते मूल पेट्युनियाकडे पाहून नुसते हसणार नाही.

शेवटी आपल्याविषयी. मराठीत अद्भुताला सर्वांत उंच नेणारे जी. ए. कुलकर्णी ह्याच मातीतले. १९२३ मध्ये ते एकसंब्याला जन्मले आणि बेळगावात शिकले. जेम्स स्टीफन्स ह्या आयरिश लेखकाची अद्भुतकथा त्यांनी ‘सोन्याचे मडके’ ह्या नावाने मराठीत आणली. परंतु १९७५ मधील त्यांच्या ‘रमलखुणा’तील दोन्ही दीर्घकथा कोणत्याही नकाशावर नसलेल्या प्रदेशांत घडतात. नियतीचे जे भव्य दर्शन त्यांना घडवायचे होते त्याला ते आवश्यकच होते, त्यात काही उणे नाही. पण त्यामुळे एक जागा रिकामी राहिली आहे. खडेबाजारातून शहापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, निपाणीच्या तंबाखूच्या वखारींमागे, एकाच गल्लीच्या दोन नावांमधल्या फटीत शिरून पलीकडचे नगर पाहणारी कथा मराठीत अजून लिहिली जायची आहे. ती लिहिणाऱ्याने रोलिंगबाईंकडून शत्रूच्या ताब्यातील शहराचे बारकावे शिकावेत. आणि भिंतीच्या दुसऱ्या बाजूला कोण राहिले, ह्याची यादी त्याने पहिल्या प्रकरणापासूनच जवळ ठेवावी, म्हणजे अखेरच्या पानावर त्यातले एकही नाव गळणार नाही.